दहा किलोमीटरच्या आतली गाणी

सांगलीहून कोल्हापूरकडे निघालात आणि गाडीत आमचं रेडिओ केंद्र लावलेलं असेल, तर अंकलीच्या पुलावर खरखर सुरू होते. कृष्णा ओलांडून जयसिंगपूरच्या बाजूला लागलात की आमच्या जागी कुठल्यातरी मोठ्या एफएमचा आरजे खिदळत असतो. दुसरीकडे मिरज मागं पडली की तेच. उत्तरेला माधवनगर, बुधगाव येतं; तासगावचं नाव काढू नका. कम्युनिटी रेडिओला, म्हणजे आमच्यासारख्या एका परिसरापुरत्या छोट्या केंद्राला, परवानगीच तेवढी: प्रक्षेपणाची ताकद १०० वॅटपर्यंत, मनोरा जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर. कागदावर पाच ते दहा किलोमीटरचं वर्तुळ. आमच्या तंत्रज्ञांनी नकाशावर कंपासनं काढून ते भिंतीला लावलंय. त्यात सांगली, मिरज, कुपवाडची एमआयडीसी, हरिपूर आणि पुष्कळसा ऊस येतो.

या वर्तुळात दर शनिवारी रात्री आठ वाजता अर्धा तास मी फक्त नव्या बँडची गाणी लावते. बँड इथले, गाणी त्यांची स्वतःची. स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत, एसेमेस पाठवून कुणाला जिंकवायचं नाही. रविवारी सकाळी तेच पुन्हा. केंद्र एका महाविद्यालयाचं आहे. मी तिथं कार्यक्रमांचं बघते. त्याआधी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते, त्यामुळं 'श्रोतेहो' म्हणायची सवय मोडायला वेळ लागला. पोरं हसायची.

एक आधीच सांगते. या लेखात मी कुठल्याही बँडचं नाव लिहिणार नाही. दोघातिघांच्या घरी अजून पत्ता नाही की पोरगा क्लासच्या नावाखाली ड्रम वाजवतो. आणि दुसरं असं की हे लोक नाव फार लवकर बदलतात. मी प्रोमो तयार करते, तो चार दिवस वाजतो, आणि शुक्रवारी रात्री मेसेज येतो: मॅडम, आता आम्ही वेगळ्या नावानं.

सिनेमातली गाणी आणि कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गाणं, या अर्ध्या तासात चालत नाहीत, हा एकच कडक नियम. त्यावरून माझे एक जुने सहकारी मला 'केसकरबाई' म्हणतात. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते. त्यांना सिनेसंगीत हलकं वाटायचं, आकाशवाणीवरून त्यांनी ते जवळजवळ हद्दपार केलं, आणि साऱ्या देशानं रेडिओचा काटा श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडं फिरवला. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. टोमणा मला लागू होत नाही, कारण आमच्याच केंद्रावर दुपारी फर्माइशीचा तास आहे आणि त्यात सिनेमाशिवाय दुसरं काही नसतं. पण त्या गोष्टीतला दुसरा भाग मी कायम लक्षात ठेवते. काटा श्रोत्याच्या हातात असतो. आज तर काटाही नाही, बटण आहे. अंगठा दाबला की आम्ही गेलो.

आणि रेडिओची खरी मौज इथंच आहे असं माझं ठाम मत आहे. बँडवाली पोरं येतात तेव्हा त्यांचं गाणं यूट्यूबवर आधीच असतं. ते कुणी ऐकलेलं असतं? मित्रांनी, मित्रांच्या मित्रांनी, मामेबहिणीनं. ज्याला शोधायचं आहे तोच तिथं येतो, आणि ज्याला शोधायचं आहे तो बहुतेक ओळखीचाच असतो. आमच्याकडं शनिवारी आठ वाजता कोण असतं? कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला नुकताच बसलेला वॉचमन. मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवून झाल्यावर चहाच्या गाड्यावर थांबलेले हमाल. शिलाई मशिनवर ब्लाउजची काजंबटणं करत बसलेली बाई. होस्टेलच्या मेसचे आचारी. यातल्या एकानंही 'नवीन मराठी इंडी बँड' असं कधी शोधलेलं नाही आणि शोधणारही नाही. आठला आधीचा आरोग्याचा कार्यक्रम संपतो, रेडिओ बंद करायला कुणी उठत नाही, आणि त्यांच्या कानावर डिस्टॉर्शन लावलेली गिटार येते. असा श्रोता या पोरांना दुसरीकडं कुठंही मिळत नाही. त्यांनी तुम्हाला निवडलेलं नाही. तुमचे ते चाहते नाहीत, त्यांना तुमची भीड नाही, आणि तरी ते तीन मिनिटं थांबले तर गाण्यात काहीतरी आहे.

ते थांबावेत यासाठी काय करायचं, हीच माझी नोकरी.

पहिली गोष्ट, सुरुवात. बँडवाल्यांना दीड मिनिटाचा इंट्रो फार आवडतो. आधी वाऱ्याचा आवाज, मग कीबोर्डचा एक लांब सूर, मग गिटार हळूहळू वर. मंचावर धूर सोडला असेल तर ठीक आहे. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या माणसाला दीड मिनिट नुसता वारा ऐकवलात तर त्याला वाटतं केंद्र बंद पडलं. म्हणून मी आधी गाणाऱ्याचा आवाज मागते. अर्ध्या मिनिटात शब्द आले पाहिजेत. पोरं वाद घालतात, 'मॅडम, फील जातो'. मी म्हणते, रेडिओसाठी वेगळी आवृत्ती करा, तुमचा फील यूट्यूबवर सुखरूप आहे.

दुसरी, ओळख. आकाशवाणीच्या दिवसांत आम्ही कलाकाराची श्रेणी, गुरू, घराणं सांगायचो. इथं मी आधी गल्ली सांगते. 'हे गाणं खणभागातल्या चौघांचं.' 'हा आवाज हरिपूरचा.' गल्लीचं नाव ऐकलं की हात बटणापासून मागं येतो. कुणाचा पोरगा असेल, ही उत्सुकता सांगलीत कुठल्याही संगीतप्रेमापेक्षा मोठी आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं तेव्हापासून आम्हाला नाट्यपंढरी म्हणायची पद्धत आहे. माझा अंदाज असा की तेव्हाही निम्मे प्रेक्षक 'सीता कुणाच्या घरातली' हे बघायला आले असणार.

तिसरी गोष्ट तांत्रिक आहे. ज्यांना रस नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल. पण एखादा बँडवाला वाचत असेल तर त्यानं सोडू नयेत.

एफएमवर पंधरा हजार हर्ट्झच्या वरचं काही जात नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रक्षेपणाच्या वेळी वरच्या पट्टीतले आवाज मुद्दाम उचलले जातात आणि रेडिओ संच ते परत खाली आणतो, म्हणजे खरखर कमी होते. घरी लॅपटॉपवर मिक्स करताना हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) आणि 'स', 'श' चकचकीत केलेले असतील, तर प्रक्षेपणाच्या लिमिटरला, म्हणजे आवाज ठराविक पातळीवर जाऊ न देणाऱ्या यंत्राला, ते आधी टोचतात आणि तो सगळं गाणंच दाबून टाकतो. नंतर पोरं विचारतात, आमचं गाणं आधीच्या गाण्यापेक्षा बारीक का वाटलं? म्हणून. जास्त मोठा आवाज करून पाठवलेलं गाणं रेडिओवर मोठं वाजत नाही, चपटं वाजतं.

त्याहून भयंकर प्रकार मोनोचा. आमच्या बहुतेक श्रोत्यांचा रेडिओ एका स्पीकरचा. आणि हल्ली प्रत्येकाला आवाज 'रुंद' करायचं प्लगइन, म्हणजे लॅपटॉपवरचं जोड-सॉफ्टवेअर, सापडलेलं आहे. डाव्या-उजव्या कानात तोच आवाज उलटसुलट करून टाकला की हेडफोनवर गाणं खोलीभर पसरतं. तेच दोन्ही बाजू एकत्र केल्या की एकमेकांना खातात. मिरजेच्या एका बँडनं पाठवलेल्या मिक्समध्ये गायिकेच्या साथीचा सगळा कोरस मोनोत गायब झाला. चार मुली तासभर गायल्या होत्या. ते ऐकवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बघण्यासारखा होता. आता मी प्रत्येक बँडला केंद्राच्या कपाटावर ठेवलेल्या एका जुन्या खिसा-ट्रान्झिस्टरवर त्यांचं गाणं ऐकवते. स्टुडिओचे मॉनिटर स्पीकर नंतर. त्या ट्रान्झिस्टरवर जे उरतं ते तुमचं गाणं.

ज्यांच्याकडं रेकॉर्डिंगची सोय नाही त्यांचं आम्हीच करतो. आमचा स्टुडिओ व्याख्यानांसाठी बांधलेला आहे. एका टेबलाभोवती चार माणसं बसून आरोग्य, माती परीक्षण, बचत गट यावर बोलतील, एवढीच त्याची अपेक्षा. त्यात एकदा हलगीवाले आले.

हा बँड मला मनापासून आवडतो. दोन गिटार, एक बास, आणि ड्रमसेटच्या जागी हलगी, घुमकं आणि कैताळ. हलगी वाजवणारा पोरगा कुस्तीच्या मैदानात वाजवणाऱ्या घरातला. मैदानात हलगी कशी वाजते ते ज्यानं ऐकलंय त्याला मी वेगळं सांगायला नको. पैलवान अजून आखाड्यात उतरलेला नसतो आणि बघणाऱ्याच्या मांड्या थरथरायला लागलेल्या असतात. तो आवाज चार बाय पाच मीटरच्या खोलीत. आमच्या एकुलत्या एक नाजूक कंडेन्सर माइकचा काटा पहिल्याच थापेला लाल पट्ट्यात गेला. मग तो पोरगा आत काचेकडं पाठ करून, माइक पार दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये, दार उघडं, आणि भिंतींना ग्रंथालयातून आणलेल्या सतरंज्या, असा प्रकार केला. मधेच तो थांबला. चामडं सैल पडलं म्हणाला. हलगी शेकावी लागते. मैदानात कोपऱ्यात पालापाचोळा पेटवतात. एसी लावलेल्या खोलीत हलगी दहा मिनिटांत भिजल्यासारखी होते. फायबरची हलगी मिळते, तिला शेकायला लागत नाही, पण ती त्याला मान्य नव्हती. 'त्यो डबा हाय मॅडम.' शेवटी पार्किंगमध्ये जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांची शेकोटी झाली. दोन टेकच्या मधे पोरगा हलगी घेऊन खाली पळायचा आणि वर यायचा. शिपाईमामा आधी ओरडायला आले, मग शेकोटीला लाकडं घालायला थांबले. ते रेकॉर्डिंग आजही आमच्याकडचं सगळ्यात चांगलं आहे, आणि त्यातला कॉरिडॉरचा घुमारा कुठल्याही प्लगइनमध्ये मिळणार नाही.

मिरजेचाही किस्सा सांगते. सतारमेकर गल्लीतल्या एका घरातला मुलगा गिटार वाजवतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही घरं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलीत, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, बाकी सगळं हातानं. या मुलाच्या वडिलांनी त्याच्या गिटारच्या घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, जवारी काढून दिली. तंबोऱ्याला काढतात तशी, तार हाडावर किंचित घासत राहील अशी. गिटार तंबोऱ्यासारखी झणझणते. स्टुडिओत ऐकताना अंगावर काटा येतो. पण शनिवारी गाणं लागलं आणि फोन वाजायला लागला. पहिला फोन: 'ओ मॅडम, तुमचा स्पीकर फाटलाय का?' दुसरा: 'काय तरी चिरतंय बघा, वायर ढिली आसंल.' तिसरा फोन मिरजेहून, आवाजावरून वयस्कर गृहस्थ. त्यांनी फक्त विचारलं, जवारी कुणी काढली? मी वडिलांचं नाव सांगितलं. 'वाटलंच', म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या वेळी आम्ही गाण्याआधी त्या वडिलांचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं लावलं, जवारी म्हणजे काय ते. तक्रार आली नाही.

आता कागदपत्रं. बँडवाल्यांना हे ऐकताना जांभई येते, मला माहीत आहे.

माझ्याकडं एका पानाचा फॉर्म आहे. शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट (म्हणजे मागचा ताल) कुणाचं. तीन ओळी. यात पहिल्या भेटीत सरळ उत्तर देणारा बँड विरळा. 'शब्द तुकोबांचे', लिहितात. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण गातात ती चाल संगीतकार श्रीनिवास खळ्यांची असते. खळे २०११ साली गेले, आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर कायदा आणखी ६० वर्षं हक्क राखतो. भीमगीतं गाणारी पोरं वामनदादा कर्डकांची रचना 'पारंपरिक' म्हणून लिहून देतात. वामनदादा २००४ पर्यंत आपल्यात होते, पारंपरिक कसले? लोकांच्या ओठावर इतकं बसलं की कवीच पुसला जातो. मी फॉर्म परत देते आणि म्हणते, आदरानं एखाद्या समारंभात जरूर गा, या अर्ध्या तासात मात्र तुमची स्वतःची चाल आणा. अभंग तोच घ्या, चाल नवी करा. यातून दोन सुरेख गाणी निघाली आहेत, त्यातलं एक तर बेंजोवर. इथल्या बेंजो पार्ट्यांतला तो टाइपरायटरसारख्या बटणांचा बेंजो. मूळचा जपानी तैशोगोतो, पण मिरवणुकीत वाजवणाऱ्याला ते सांगून बघा.

रॅपवाल्यांचा प्रश्न बीटचा. यूट्यूबवर 'फ्री' म्हणून शोधलं की हजारो बीट मिळतात, पोरं त्यावर रॅप करतात. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की फुकट फक्त बिनकमाईच्या वापरासाठी, आणि बनवणाऱ्याचं नाव द्यायचं. ते नाव गाण्यात सुरुवातीलाच एक इंग्रजी बाई कुजबुजते, तेही पोरांना गाण्याचाच भाग वाटतं. मी असलं लावत नाही. कुपवाडचा एक पोरगा यावरून रुसून गेला आणि काही आठवड्यांनी परत आला तो फाउंड्रीतल्या प्रेसचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून. तो तिथंच कामाला. धडाम, सुस्कारा, धडाम, सुस्कारा, मधे क्रेनची घंटा. त्यावर त्यानं पाळीबद्दल रॅप केलं. आधी तो मुंबईच्या चाळीतल्या पोरांसारखं हिंदीत रॅप करायचा, जी चाळ त्यानं फक्त पडद्यावर पाहिलेली. नवं गाणं त्याच्या आईच्या बोलीत आहे. ते मी सांगितलं नव्हतं. प्रेसच्या तालावर हिंदी बसेना, एवढंच तो म्हणाला.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला बजावते. कुणी चार-पाच हजार रुपये देऊन 'सगळे हक्क कायमचे' असं लिहून मागितलं तर आधी वाचा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहज लिहून घेता येत नाही. आमचा फॉर्म फक्त वाजवण्याची परवानगी मागतो. गाणं तुमचंच राहतं.

या सगळ्यात ज्या गाण्यावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो ते पुराचं गाणं. सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याच्या पातळीचे आकडे पाठ असतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या एका बँडनं यावर गाणं केलं. त्यात रडारड नाही, 'कृष्णामाई' नाही, मदतीचे हात नाहीत. एक आजोबा दाराशी बसून आकडे सांगतात आणि घरातले त्या आकड्याप्रमाणं सामान वर चढवतात. या आकड्याला गहू, त्या आकड्याला फ्रीज, मग देव, मग आजोबा. धृपदात फक्त आकडे. बाहेरगावच्या माणसाला ते गाणं ऐकवलं तर त्याला वाटेल काहीतरी मोजणी चाललीय. पुराचं पाणी शिरतं त्या सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसाला ऐकवलंत तर तो उठून उभा राहील.

आणि तेच झालं. ऑक्टोबरमध्ये, स्वच्छ उन्हात आम्ही ते रेकॉर्ड करत होतो. मॉनिटरचा आवाज दारातून बाहेर येत होता. कँटीनच्या मावशी कप घ्यायला आल्या होत्या. गाणाऱ्या पोरानं 'पंचेचाळीस' म्हटलं आणि मावशींनी ट्रे ठेवून मला विचारलं, 'पाणी आलं का वो?' आकाशात ढग नव्हता. त्यांचं घर तीनदा पाण्यात गेलंय.

त्यावर आम्ही चर्चेला बसलो. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा. पण हवामान, पाणी, आपत्ती याच्या सूचना देता येतात, आणि पावसाळ्यात आम्ही पुलाची पातळी दिवसातून अनेकदा सांगतो. त्याच आवाजांच्या मधे, त्याच केंद्रावर, एक पोरगा आकडे गातोय. रेडिओ कुणी सुरुवातीपासून ऐकत नाही. माणूस मधेच लावतो. गाणं आहे हे कळायच्या आत त्याला आकडा ऐकू येणार. ज्या न निवडलेल्या श्रोत्याचं मी वर एवढं कौतुक केलं, तोच इथं अडचण झाला. बँडचा गिटारवाला म्हणाला की पाऊस असतानाच हे गाणं लावायला पाहिजे, नाहीतर अर्थ काय. त्याचं कलाकार म्हणून बरोबर होतं. मी नाही म्हणाले. जून ते सप्टेंबर ते गाणं आमच्या यादीतून बाहेर असतं, आणि फाइलच्या नावातच तसं लिहिलेलं आहे, म्हणजे मी रजेवर असताना कुणी लावू नये. ऑक्टोबर ते मे आम्ही ते लावतो. लग्नसराईत, ऐन उन्हाळ्यात, नळाला पाणी नसताना त्या गाण्याची फर्माइश येते. हे मला अजून नीट समजलेलं नाही, पण येते.

अडवलेली दुसरी गाणी साधीच. आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता आम्हालाही लागू असते. शिव्या कापाव्या लागतात. पोरं ते जाणून असतात, रेडिओसाठी वेगळी आवृत्ती आणतात, त्यात शिवीच्या जागी हलगीची थाप. रस्त्यावरच्या खड्ड्यांवरची इतकी गाणी आलीत की एक महिना मी खड्डे बंद केले होते. एका गाण्यात नगरसेवकाचं नाव होतं. आमच्या समितीतले काही जण म्हणाले, गाणंच नको. मी म्हटलं, नाव काढू, खड्डा ठेवू. शेवटी तसंच झालं, आणि ज्याचा खड्डा त्याला तो कळला. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे, कुणी तक्रार केली तर ऐकवता यावं म्हणून. मी बँडची रेकॉर्डिंग तीन महिन्यांनंतरही पुसत नाही. यातले निम्मे बँड आता नाहीत. कुणी पुण्याला आयटीत, कुणी एमपीएससीच्या खोलीत, एक ड्रमर थेट दुबईत. त्यांच्या गाण्याची स्वच्छ प्रत बहुतेक वेळा त्यांच्याकडंही नसते. फोन बदलला, गेली.

पैशाचं सांगते म्हणाले नव्हते, पण सांगायला हवं. तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, २०२४ च्या नव्या नियमांनी. आधी सातच होती. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये. म्हणजे माझा अर्धा तास सरकारी जाहिरातींनी काठोकाठ भरला तरी २,६६४ रुपये. भरत नाही. एक हळदीचे व्यापारी आणि एक गिटारचे क्लास, एवढीच कायमची गिऱ्हाइकं. त्यातून माइकच्या वायरी येतात. बँडना आम्ही देऊ शकतो तो म्हणजे चहा, रेकॉर्डिंगची फाइल आणि गाणं कधी-कधी वाजलं त्याचं सहीशिक्क्याचं पत्र. फुकट वाजवा म्हणणाऱ्या आयोजकांवर मी जाम चिडते, आणि स्वतः तेच करते. यावर एक बासवाला मला म्हणाला, 'तुम्ही निदान तिकिटं विकत नाही.' हा युक्तिवाद पुरेसा आहे असं मला वाटत नाही. गणपतीत मंडळांनी डॉल्बीवर जे उडवतात त्याच्या शंभराव्या हिश्शात एक बँड उभा करावा म्हणून दोन मंडळांच्या मागे लागले आहे. एकानं हो म्हटलंय. मिरवणुकीत नाही, आरतीनंतर.

ऐकणाऱ्यांची अडचण वेगळीच. नव्या मोबाइलमध्ये रेडिओच नसतो, किंवा असतो पण वायरचा इअरफोन लागतो, कारण तीच वायर अँटेना असते, आणि वायरचे इअरफोन आता पोरांकडं नाहीत. २०२३ मध्ये सरकारनं मोबाइल कंपन्यांना एफएमची सोय ठेवा असं कळवलं होतं. दुकानात जाऊन विचारा. म्हणून गंमत अशी होते की जो बँड वाजतो त्याच्याच घरात तो ऐकायची सोय नसते. जयसिंगपूरच्या एका गिटारवाल्याच्या आई स्कूटरवरून पूल ओलांडून अलीकडं येतात, रसवंतीवाल्याकडं थांबतात, त्याच्या रेडिओवर गाणं ऐकतात आणि परत जातात. मी त्यांना फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. 'ती आहे हो माझ्याकडं', म्हणाल्या, 'पण रेडिओवर लागलेलं ऐकायचंय.' रसवंतीवाला आता शनिवारी आमचंच केंद्र लावून ठेवतो, जयसिंगपूरचं कुणी वाजवत नसलं तरी.

पॉडकास्ट करा म्हणून मागं लागलेल्यांना: करते, पण प्रसारणानंतर आठवड्यानं. आठवडाभर ते गाणं आमच्या वर्तुळाचं.

तुमचा बँड असेल आणि चौघांपैकी एकजण तरी सांगली, मिरज, कुपवाड परिसरातला असेल, तर गाणं पाठवा. एमपी-थ्री नको, वेव्ह फाइल. मास्टरिंग केलेलं नसेल तर उत्तम. पाठवायच्या आधी मोनोत ऐका. तीन ओळींचा फॉर्म भरा, 'पारंपरिक' लिहिण्याआधी आजीला विचारा. गुरुवारपर्यंत आलं तर त्याच शनिवारी लागू शकतं. हलगी आणणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, शिपाईमामांना लाकडं गोळा करायला वेळ लागतो.